फ्लॅश नक्की कधी टाकायचं? (ब्रायरपॅक अल्फावाल्या प्रश्नाचं उत्तर)

रविवारी ठाण्याला आमच्याकडे मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग, पत्त्यांचा खेळ) खेळायला येणाऱ्या नेरुळच्या एका नवीन पोराने भलामोठा मेसेज टाकलाय. थोडक्यात सांगायचं तर ड्राफ्टमध्ये (तिथल्या तिथे पाकिटं फोडून, कार्डं निवडून डेक बनवायचा प्रकार) त्याने एक ३/३ आणि एक २/२ क्रिएचर (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा किती डॅमेजला मरतं तो) घेऊन अटॅक केला, समोरच्याकडे एकच फडतूस २/२ आणि चार लँड (माना, म्हणजे कार्डांची किंमत भरायला लागतो तो, देणारी कार्डं) अनटॅप, म्हणजे आडव्या न केलेल्या, न वापरलेल्या होत्या. अटॅक झाल्यावर समोरच्याने ब्रायरपॅक अल्फा (चार मानाचा ३/३, फ्लॅशवाला, म्हणजे समोरच्याच्या टर्नलाही टाकता येणारा) टाकला, स्वतःच्या २/२ ला प्लस दोन प्लस दोन दिले आणि दोघांनी ब्लॉक करून याची दोन्ही क्रिएचर मारली. आता प्रश्न तीन. एक, हे चालतं का, नुकतंच आलेलं क्रिएचर ब्लॉक कसं करू शकतं, समनिंग सिकनेस (नवीन आलेल्या क्रिएचरवरची बंदी) कुठे गेला? दोन, पुढच्या ड्राफ्टला हाच अल्फा याला मिळाला, याने आपल्या टर्नला टाकला तर अटॅकच करता येईना, मग फ्लॅशचा फायदा काय? आणि तीन, फ्लॅशवाल्या डेकसमोर खेळायचं कसं, कारण म्हणे सारखी भीती वाटत राहते.

पहिल्याचं उत्तर हो, चालतं, समोरच्याने सगळं नियमात केलं आणि खरं तर छान खेळला.

आता थेट तुलाच सांगतो, नीट बघ. फ्लॅश हा कीवर्ड २००६ च्या टाइम स्पायरल सेटपासून आला, त्याआधी हीच गोष्ट कार्डावर अख्खं वाक्य लिहून सांगायचे, १९९७ च्या व्हिजन्स सेटमधला किंग चीता घे, त्याच्यावर लिहिलेलंच होतं की इन्स्टंट (कोणाच्याही टर्नला टाकता येणारं कार्ड) खेळता येईल त्या कुठल्याही वेळी हे खेळता येईल. नियमांच्या पुस्तकात आज तो ७०२.८ आहे आणि अर्थ तेवढाच आहे, जिथे जिथे तुला इन्स्टंट टाकता आला असता तिथे हे कार्ड टाकता येतं. बस. फ्लॅश किंमत कमी करत नाही, काउंटर होण्यापासून (यायच्या आधीच रद्द होण्यापासून) वाचवत नाही, लगेच अटॅक करायची परवानगी देत नाही. अल्फा टाकलास तर तो बाकीच्या क्रिएचरसारखाच आधी स्टॅकवर (टाकलेली कार्डं लागू व्हायची वाट बघतात ती थप्पी) जातो, समोरच्याला रिस्पॉन्ड करता येतं, काउंटर केला तर गेला. बदलते ती फक्त वेळ. नवीन लोक फ्लॅश म्हटलं की काहीतरी सुपरपॉवर समजतात आणि मग प्रत्येक ठिकाणी गोंधळ होतो, तुझाही तसाच झालाय.

समनिंग सिकनेसचा नियम (३०२.६) फक्त दोन गोष्टी अडवतो, अटॅक करणं आणि स्वतःला टॅप किंवा अनटॅप करून वापरायची ॲबिलिटी. ब्लॉक करण्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. ब्लॉक करायला क्रिएचर अनटॅप असलं की झालं, ते एका सेकंदापूर्वी आलं का दहा टर्न बसून आहे याच्याशी घेणंदेणं नाही. आणि अटॅकसाठी नियम असा की तुझा सगळ्यात अलीकडचा टर्न सुरू झाला तेव्हापासून ते सलग तुझ्या ताब्यात हवं. म्हणून तू आपल्या मेन फेजमध्ये टाकलेला अल्फा अटॅक करू शकला नाही, पण तोच तू समोरच्याच्या एंड स्टेपला (टर्नच्या शेवटी) टाकला असतास तर तुझा टर्न सुरू होताना तो तुझ्याकडे आहेच, मग अटॅक करायला मोकळा. लोक याला फुकटचा हेस्ट (आल्या आल्या अटॅक करायची ताकद) म्हणतात, ते तितकंसं खरं नाही, पण परिणाम तोच दिसतो. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच झालं, तू फ्लॅशचं कार्ड साध्या कार्डासारखं खेळलास.

आता खरी गंमत प्रायॉरिटीची (काही करायची पाळी कोणाची, याची) आहे, आणि फ्लॅश समजायचा तर ती समजल्याशिवाय गत्यंतर नाही. मॅजिकमध्ये कुठलीही गोष्ट टाकायला आपल्याकडे प्रायॉरिटी लागते, आणि प्रत्येक स्टेपमध्ये ती आधी ज्याचा टर्न आहे त्याला मिळते, त्याने पास केली की मग तुला. अनटॅप स्टेपमध्ये कोणालाच मिळत नाही. टर्नच्या अगदी शेवटची क्लीनअप स्टेप, तिथेही एरवी नाही. बाकी अपकीप, ड्रॉ, मेन, कॉम्बॅटच्या सगळ्या स्टेप, एंड स्टेप, या सगळीकडे तुझी पाळी येते. पण मेन फेजमध्ये एक मेख आहे जी खूप जुने लोकही विसरतात. समोरच्याने लँड खेळली, तर त्याला रिस्पॉन्ड करता येत नाही, लँड स्टॅकवर जातच नाही. समोरच्याचं क्रिएचर रिझॉल्व्ह झालं (स्टॅकवरून टेबलावर आलं), तर लगेच "थांब, मी फ्लॅश करतो" असं म्हणता येत नाही, कारण रिझॉल्व्ह झाल्यावर प्रायॉरिटी परत त्याच्याकडे जाते. सगळ्यात जास्त भांडणं प्लेन्सवॉकरवरून (लॉयल्टीचा आकडा वरखाली करून ॲबिलिटी वापरणारं कार्ड) होतात. समोरच्याने प्लेन्सवॉकर उतरवला आणि तो रिझॉल्व्ह झाला की तो लगेच त्याची लॉयल्टी ॲबिलिटी वापरू शकतो, मधे घुसायला तुला फटच मिळत नाही. ॲबिलिटी स्टॅकवर असताना तू फ्लॅशने क्रिएचर आणू शकतोस, पण लॉयल्टीचा आकडा तोपर्यंत बदललेला असतो. म्हणजे समोरच्याच्या मेन फेजमध्ये तुला संधी दोनच वेळा, एक तर तो काहीतरी स्टॅकवर टाकतो तेव्हा, नाहीतर तो मेन फेज संपवायला निघतो तेव्हा.

आणि कॉम्बॅटला निघताना टूर्नामेंटच्या नियमांमध्ये एक शॉर्टकट आहे तो माहीत असू दे, आमच्या ग्रुपमध्येही आम्ही तोच पाळतो. समोरचा पहिल्या मेन फेजमधून "कॉम्बॅट" म्हणून पुढे निघाला आणि तू त्यावर काही टाकलंस, तर ते बिगिनिंग ऑफ कॉम्बॅटमध्ये टाकलं असं धरतात (अपवाद एकच, कॉम्बॅटच्या सुरुवातीला ट्रिगर होणाऱ्या (आपोआप सुरू होणाऱ्या) एखाद्या ॲबिलिटीवर तुझ्या खेळीचा परिणाम होणार असेल तर). म्हणजे तू तिथे ब्लॉकर आणलास तर समोरचा परत मेन फेजमध्ये जाऊन सॉर्सरी (फक्त आपल्याच मेन फेजमध्ये टाकता येणारं कार्ड) टाकून त्याला मारू शकत नाही, त्याला आता अटॅक करायचा का नाही एवढंच ठरवायचं उरतं.

तुझ्या गेमकडे परत येऊ. समोरच्याकडे अल्फा टाकायला तीन खिडक्या होत्या.

पहिली, तू अटॅकर डिक्लेअर करायच्या आधी. तिथे टाकला असता तर तू बघितलं असतंस की समोर ३/३ उभा आहे, आणि तू अटॅकच केला नसतास. काही वेळा नेमकं हेच हवं असतं, लाइफ कमी आहे आणि समोरच्याला थोपवायचंय वगैरे, पण मग त्याची प्लस दोन प्लस दोन फुकट गेली असती.

दुसरी, अटॅकर डिक्लेअर झाल्यावर आणि ब्लॉकच्या आधी. त्याने हीच घेतली. तुझी दोन क्रिएचर टॅप होऊन पुढे आलेली, आता मागे घेता येत नाहीत. अल्फा आला, ट्रिगरने त्याचा २/२ झाला ४/४, त्याने तुझ्या ३/३ ला ब्लॉक केलं, अल्फाने ३/३ म्हणून तुझ्या २/२ ला ब्लॉक केलं. तुझी दोन गेली, त्याचं एकही नाही. एका कार्डात दोन मारले आणि वर बोर्डवर ३/३ राहिला.

तिसरी खिडकी ब्लॉक झाल्यानंतरची. म्हणजे त्याने आधी साध्या २/२ ने तुझ्या ३/३ ला ब्लॉक केलं असतं, तू मनात म्हणाला असतास "हा काय वेडा झालाय का", आणि मग अल्फा येऊन तो ४/४ झाला असता. पण तोपर्यंत ब्लॉक ठरलेले, त्यामुळे अल्फा स्वतः ब्लॉक करू शकला नसता, तुझा २/२ मोकळा सुटून दोन डॅमेज करून आला असता. तुझ्या गेममध्ये ही खिडकी वाईट होती. पण अटॅकर एकच असेल तर मला उलट हीच जास्त आवडते, कारण एकदा ब्लॉक झालेलं क्रिएचर ब्लॉक झालेलंच राहतं, मग तू रिस्पॉन्समध्ये त्याचा ब्लॉकर मारलास तरी ट्रॅम्पल (ब्लॉकरला पुरून उरलेला डॅमेज खेळाडूपर्यंत नेणारी ॲबिलिटी) नसेल तर डॅमेज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

इथे एक बारीक गोष्ट, जी कळली असती तर तुझा बहुतेक अर्धा तोटा वाचला असता. प्लस दोन ही अल्फाच्या आत चिकटलेली गोष्ट नाही, तो आल्यावर होणारा वेगळा ट्रिगर आहे. अल्फा स्टॅकवर असताना तू त्याला काउंटर केलंस तर ट्रिगर होणारच नाही. पण अल्फा एकदा आला, ट्रिगर स्टॅकवर गेला, आणि तू मग अल्फाला मारलंस तर प्लस दोन मिळणारच, कारण ट्रिगरला अल्फा जिवंत असण्याशी काही देणंघेणं नाही. मारायचं असेल तर ज्याच्यावर टार्गेट केलंय त्या २/२ ला मार, त्या वेळी तो अजून २/२ च असतो, टार्गेट गेलं की ट्रिगर हवेत. तू म्हणतोस तुझ्या हातात दोन डॅमेजचा इन्स्टंट होता आणि तू तो अल्फासाठी ठेवून बसलास, ३/३ ला दोन डॅमेजने काय होणार होतं. (आणि हो, अल्फा स्वतःलाही टार्गेट करू शकतो, कार्डावर फक्त "टार्गेट क्रिएचर" लिहिलंय, दुसरं क्रिएचर असं नाही. रिकाम्या बोर्डवर तो एका टर्नपुरता ५/५ चा ब्लॉकर आहे.)

आणखी एक, टेबलावर बोलायची सवय. समोरच्याने "हे दोन अटॅक" म्हटलं आणि तू घाईघाईत "मग याने ब्लॉक" म्हणालास की ब्लॉकच्या आधीची खिडकी गेली, मग मागे जायचं नाही. "ब्लॉकच्या आधी" एवढे दोन शब्द मोठ्याने बोलायचे आणि मग कार्ड दाखवायचं. आमच्याकडे घोडबंदरहून येणारा एक काका माणूस आहे, पन्नाशीचा, तो हे इतकं शांतपणे करतो की समोरचा गारच पडतो.

आता फ्लॅशचा फायदा काय, हा जो तुझा खरा प्रश्न आहे. माझं मत असं की निम्म्याहून जास्त फायदा कार्ड टाकण्याच्या आधी मिळून गेलेला असतो. तू टर्न पास करताना चार लँड ओपन ठेवल्यास की समोरच्याला विचार करावा लागतो, हातात फ्लॅश क्रिएचर आहे का काउंटरस्पेल, का काहीच नाही आणि नुसता चेहरा करून बसलाय. मेंढीकोटात हुकूम बंद असला की बाकीचे तिघे प्रत्येक हात खेळताना त्या उलट्या पानाकडे बघत राहतात ना, तसं. आणि तू मात्र निर्णय त्याच्या टर्नच्या शेवटापर्यंत पुढे ढकललेला असतोस. त्याने मोठं काही टाकलं तर काउंटर, अटॅक केला तर ब्लॉकर, काहीच नाही केलं तर एंड स्टेपला क्रिएचर, माना वाया जात नाही. साधं क्रिएचर आपल्या टर्नला टाकणारा आणि काउंटरस्पेल ओपन ठेवणारा यांच्यात नेहमी ओढाताण असते, कारण मानाचा वापर एकाच गोष्टीला होणार. फ्लॅश ती ओढाताण संपवतो, म्हणूनच फ्लॅश सगळ्यात जास्त निळ्यामध्ये दिसतो आणि त्याच्या खालोखाल हिरवा-पांढरा वगैरे.

एंड स्टेपला टाकायचा दुसरा फायदा म्हणजे समोरच्याची सगळी सॉर्सरी स्पीडची उत्तरं बाद होतात. त्याचा मेन फेज संपलाय, बोर्ड साफ करणारी सॉर्सरी तो आता टाकू शकत नाही, तुझं क्रिएचर येणार आणि एकदा तरी अटॅक करूनच जाणार.

पण "नेहमी एंड स्टेपलाच टाक" असं जे नवीन लोकांना शिकवतात ते मला पटत नाही. काही कार्डांची जागाच वेगळी आहे. मॉर्निंगटाइड सेटची, २००८ ची व्हेंडिलियन क्लिक घे, ३/१, उडणारी, आल्यावर एखाद्या खेळाडूचा हात बघायचा आणि त्यातलं एक लँड नसलेलं कार्ड तळाला घालून त्याला एक ड्रॉ करायला लावायचं. ती लोक समोरच्याच्या ड्रॉ स्टेपला टाकतात, म्हणजे त्याने नुकतंच उचललेलं कार्डही दिसतं आणि त्याने मेन फेजमध्ये ते टाकायच्या आत काढता येतं. लॉरविनची मिस्टबाइंड क्लिक तर समोरच्याच्या अपकीपला, ती आली आणि आपल्या एका फेअरीला तिने चॅम्पियन केलं (स्वतः असेपर्यंत बाजूला काढून ठेवलं) की समोरच्याच्या सगळ्या लँड टॅप, तो पूर्ण टर्न हातावर हात ठेवून बसणार. रिस्पॉन्समध्ये त्या लँड टॅप करून इन्स्टंट टाकता येतात पण सॉर्सरी किंवा क्रिएचर नाही, कारण तेव्हा मेन फेजच नसतो. ज्यांनी तेव्हा स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या सेटच्या कार्डांनी खेळायचा फॉरमॅट) फेअरीज डेकसमोर खेळलंय त्यांना हे आठवून अजून राग येतो.

इनिस्ट्राडचा स्नॅपकास्टर मेज हा सगळ्यांना माहीत आहे, २०११ चा, आला की तुझ्या ग्रेव्हयार्डमधल्या (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातल्या) एका इन्स्टंटला किंवा सॉर्सरीला त्या टर्नच्या शेवटापर्यंत फ्लॅशबॅक देतो. इथे नावाच्या सारखेपणामुळे घोळ होतो. फ्लॅशबॅकने ग्रेव्हयार्डमधून टाकता येतं, पण वेळेचा नियम तोच राहतो. म्हणजे तू समोरच्याच्या टर्नला स्नॅपकास्टर टाकून एखाद्या सॉर्सरीला फ्लॅशबॅक दिलास तर ती सॉर्सरी तुला टाकता येणार नाही, आणि तुझा टर्न येईपर्यंत फ्लॅशबॅक निघून गेलेला असेल. सॉर्सरी हवी असेल तर स्नॅपकास्टर आपल्याच मेन फेजमध्ये टाकावा लागतो. आणि मिराज सेटमध्ये "फ्लॅश" याच नावाचा एक इन्स्टंट आहे, दोन मानाचा, त्याचा या कीवर्डशी काहीही संबंध नाही, तो वेगळाच राक्षस आहे आणि लेगसी, कमांडर या दोन्ही फॉरमॅटमध्ये बॅन आहे.

वाचवायला म्हणून फ्लॅश वापरायचं सगळ्यात सुंदर कार्ड माझ्या मते रेस्टोरेशन एंजल, २०१२, अव्हासिन रिस्टोअर्ड. चार माना, ३/४, उडते, आणि आल्यावर आपलं एंजल नसलेलं एक क्रिएचर एग्झाइल करून (खेळाबाहेर काढून) लगेच परत आणते. समोरच्याने तुझ्या क्रिएचरवर रिमूव्हल (क्रिएचर मारणारं कार्ड) टाकला, रिस्पॉन्समध्ये एंजल, क्रिएचर जाऊन परत आलं, ते आता नियमांच्या दृष्टीने नवीन वस्तू आहे, रिमूव्हलचं टार्गेट हरवलं. वर त्या क्रिएचरचा येतानाचा ट्रिगर परत मिळाला. तू ब्रायरपॅक अल्फासोबत हे करून बघ, मजा येईल.

क्रिएचरच नाही तर इक्विपमेंटवरही (क्रिएचरला लावायचं हत्यार वगैरे) फ्लॅश असतो. एंबरक्लीव्ह, थ्रोन ऑफ एल्ड्रेन, २०१९. किंमत सहा माना, पण तुझ्या प्रत्येक अटॅक करणाऱ्या क्रिएचरमागे एक कमी. ही सूट अटॅक चालू असतानाच मिळते म्हणून फ्लॅश त्याला लागतोच. तीन क्रिएचर अटॅकला गेली तर तीन मानात, चार गेली तर नुसत्या दोन लाल मानात, त्याखाली नाही जात कारण सूट रंगीत मानाला लागत नाही. आल्यावर आपल्या एका क्रिएचरला आपोआप लागतं आणि डबल स्ट्राइक (दोनदा डॅमेज), ट्रॅम्पल, प्लस एक प्लस एक. ब्लॉक झाल्यावर टाकायचं, पण डॅमेजच्या आधी, एकदा पहिल्या डॅमेजची वेळ गेली की डबल स्ट्राइकचा पहिला फटका गेला. समोरून खेळत असशील तर हा अटॅच करणारा ट्रिगर क्रिएचरला टार्गेट करतो हे लक्षात ठेव, रिस्पॉन्समध्ये ते क्रिएचर मारलं की तलवार नुसती जमिनीवर पडून राहते.

काही कार्डं दुसऱ्यांना फ्लॅश देतात. व्हेडॅल्केन ऑररी किंवा लेलाइन ऑफ अँटिसिपेशन असेल तर तुझे सगळेच स्पेल फ्लॅशने टाकता येतात. कमांडरमध्ये आवडीचं काम. पण लँड त्यातही नाही, लँड हा स्पेल नाहीच मुळी, ती फक्त आपल्या मेन फेजमध्ये, स्टॅक रिकामा असतानाच. आणि प्लेन्सवॉकर समोरच्याच्या टर्नला उतरवता आला तरी त्याची लॉयल्टी ॲबिलिटी तेव्हा वापरता येत नाही, ती तुझ्या मेन फेजमध्येच. एंड स्टेपला उतरव, आपल्या टर्नला वापर.

उलट बाजूने टेफेरी. टाइम स्पायरलचा टेफेरी, मेज ऑफ झल्फिर, पाच मानाचा ३/४, स्वतः फ्लॅशवाला आणि समोरच्यांना मात्र फक्त सॉर्सरीच्या वेळेतच स्पेल टाकू देणारा. तो बोर्डवर असला की तुझा फ्लॅश निव्वळ शोभेचा, कारण एक कार्ड "करता येतं" म्हणतं आणि दुसरं "येत नाही" म्हणतं तेव्हा "येत नाही" जिंकतं. हीच ओळ २०१९ ला तीन मानाच्या टेफेरी, टाइम रॅव्हलरवर आली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय, ऑगस्ट २०२० मध्ये स्टँडर्डमधून बॅन झाला, माझ्या मते सहा महिने उशिरा.

आता तिसरा प्रश्न, समोरून कसं खेळायचं. भीती वाटते म्हणून काहीच न करणं हा सगळ्यात महाग उपाय, कारण तू काही केलं नाहीस की तो एंड स्टेपला आरामात क्रिएचर टाकतो आणि पुढच्या टर्नला माना परत अनटॅप. फ्लॅश डेकला नेमकं तेच हवं असतं. पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये स्वस्त क्रिएचर उतरवून दबाव टाक, म्हणजे त्याला मनासारखं थांबता येणार नाही. सॉर्सरी रिमूव्हलपेक्षा इन्स्टंट रिमूव्हल जास्त घे. आणि त्याच्या ओपन माना मोज, रंग बघ, ड्राफ्टमध्ये तर त्या सेटमधली फ्लॅशची कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, हिरव्यात चार माना ओपन म्हणजे अल्फा असू शकतो हे इतकं अवघड नाही. मग अटॅक करायच्या आधी विचार एवढाच, ते कार्ड खरंच असेल तर मी किती गमावतो, आणि नसेल तर अटॅक न करून किती गमावतो. तुझ्या त्या गेममध्ये समोरचा पाच लाइफवर होता म्हणतोस, तर तुझा अटॅक मला अजिबात चुकीचा वाटत नाही. वीस लाइफवर असता तर मी २/२ घरी ठेवला असता.

२०१९-२० मध्ये स्टँडर्डला सिमिक फ्लॅश म्हणून डेक जोरात होतं, निळा-हिरवा. त्यातला नाइटपॅक ॲम्बुशर, चार माना, ४/४, फ्लॅश, आणि तो ज्याचा आहे त्याच्या एंड स्टेपला, त्याने त्या टर्नमध्ये एकही स्पेल टाकला नसेल तर एक २/२ लांडगा फुकट. म्हणजे आपल्या टर्नला काहीच करायचं नाही, सगळं समोरच्याच्या टर्नला. याच्यासमोर एक युक्ती होती जी आजही अशा कार्डांना लागू पडते. तो ट्रिगर दोनदा तपासतो, एंड स्टेप सुरू होताना आणि रिझॉल्व्ह होताना. म्हणून तुझा इन्स्टंट रिमूव्हल आपल्या टर्नला वापरायचा नाही, त्याच्या टर्नला, त्याच्या एंड स्टेपला लांडग्याचा ट्रिगर स्टॅकवर असताना ॲम्बुशरवर टाकायचा. त्याने काउंटर केलं तर त्याने त्या टर्नमध्ये स्पेल टाकला, लांडगा नाही. नाही केलं तर ॲम्बुशर मेला. दोन्हीकडून तुझं काहीतरी भलं, आणि शिवाय त्याने काउंटरला माना खर्च केल्या तर लगेच येणाऱ्या तुझ्या टर्नला त्याच्याकडे तेवढ्या कमी ओपन. ही शेवटची गोष्ट ॲम्बुशर नसला तरी लक्षात ठेव, फ्लॅश डेकला त्याच्या स्वतःच्या टर्नला माना खर्च करायला लावलंस की तुझा पुढचा मोठा स्पेल सुटतो.

दुसऱ्या गेममधून आलेल्यांसाठी एवढंच, यू-गी-ओमध्ये ट्रॅप आधी उलटा सेट करावा लागतो आणि ज्या टर्नला सेट केला त्या टर्नला एरवी वापरता येत नाही, त्यामुळे समोरच्याला निदान "काहीतरी आहे" हे पत्त्यातून दिसतं. मॅजिकच्या फ्लॅशमध्ये खूण फक्त ओपन मानाची. मॅजिकमध्येच निंजुत्सू (अटॅक चालू असताना हातातून निंजा उतरवायचा) पण अचानक येतो, पण ती ॲबिलिटी आहे, स्पेल टाकणं नव्हे, म्हणून साध्या काउंटरस्पेलने थांबत नाही, आणि तो निंजा अटॅक करतच येतो. फ्लॅशवाला क्रिएचर मात्र आपल्या अटॅकमध्ये मधेच टाकला तरी अटॅकर होत नाही, अटॅकर डिक्लेअर होऊन गेलेले असतात.

तू घरी फोनवर अरीनावर (मॅजिकचा ऑनलाइन गेम) सराव करतोस म्हणालास म्हणून शेवटचं. अरीना बऱ्याच ठिकाणी तुझी प्रायॉरिटी आपोआप पास करतं, त्यामुळे समोरच्याच्या अपकीपला किंवा ड्रॉ स्टेपला काही टाकायचं असेल तर त्या स्टेपवर स्टॉप लावावा लागतो किंवा फुल कंट्रोल चालू करावा लागतो, नाहीतर खिडकी डोळ्यांदेखत निघून जाते. आणि हातात फ्लॅश असताना गेम क्षणभर थांबतो ते समोरच्यालाही जाणवतं, म्हणून हातात काही नसतानाही मधूनमधून फुल कंट्रोल लावून थांबायची सवय कर. लँड टॅप करायचं काम गेमवर सोडू नकोस, तो कधी कधी नेमका तोच रंग टॅप करतो जो तुला समोरच्याच्या टर्नला लागणार असतो. रविवारी येताना तुझं ते हिरव्या-पांढऱ्याचं डेक घेऊन ये, अल्फा दोन असतील तर दोन्ही ठेव, आणि त्याच्यातली ती सॉर्सरी रिमूव्हल काढून इन्स्टंट घाल.